आईचा कढीपत्ता आणि वॉटर सॉफ्टनरची पावणेदोनशे वर्षांची गोष्ट

भाग ऐकायला वेळ मिळाला नसेल किंवा बसमध्ये चढल्यावर इअरफोन विसरल्याचं लक्षात आलं असेल, तर हे त्याचं लेखी रूप. बोलताना मी जे 'अं... म्हणजे...' करतो ते काढून टाकलंय, बाकी जवळजवळ तसंच आहे.

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो.

मागच्या वर्षी मी गावी, फलटणजवळ आईबाबांच्या घरी, वॉटर सॉफ्टनर बसवला. घर नवीन, पाणी बोअरचं. दोन वर्षांत गिझरचं एलिमेंट दोनदा गेलं. नळांवर पांढरे थर, टाइल्सवर डाग, आणि आईची रोजची तक्रार: "चार शिट्ट्या झाल्या तरी डाळ तशीच. पाणीच जड आहे मेलं."

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर, बीटेक, म्हणजे घरातला अधिकृत 'टेक्निकल माणूस'. सॉफ्टनर बसला त्याच दिवशी मी ऑनलाइन मागवलेला टीडीएस मीटर काढला. सॉफ्टनरच्या आधीचं पाणी: ९१२. नंतरचं पाणी: ९०८. एवढे पैसे घालून चार आकडे कमी! मी मेकॅनिकला फोन लावला आणि जरा जास्तच बोललो. तो शांतपणे म्हणाला, "दादा, मीटर ठेवा बाजूला. साबण लावून बघा."

लावला. फेसच फेस.

बरोबर तो होता, मी चुकलो होतो. नेमकं कुठे चुकलो ते शोधायला बसलो, आणि पोहोचलो १८४० च्या दशकातल्या इंग्लंडमधल्या एका शेतात, खताच्या प्रश्नापाशी. तिथून ही गोष्ट सुरू होते आणि आमच्या परसातल्या कढीपत्त्यापाशी येऊन थांबते. तो कढीपत्ता का मेला, हे शेवटी सांगतो.

आधी जड पाणी म्हणजे काय

पावसाचं पाणी हलकं असतं. ते जमिनीत मुरतं, खडकातून झिरपतं, आणि जाता जाता कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेतं. म्हणून धरणातलं साठवलेलं पावसाचं पाणी बहुधा हलकं असतं आणि खोल बोअरचं जड. माझी आजी पावसाळ्यात पागोळ्यांखाली पातेलं लावायची आणि त्या पाण्यात डाळ शिजवायची. तिला रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण निष्कर्ष बरोबर होता. डाळीच्या दाण्यांतल्या पेशींना पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ धरून ठेवतो. कॅल्शियम त्याला आणखी घट्ट करतो, म्हणून दाणा फुटत नाही.

साबणाचंही तसंच. साबण कॅल्शियमला भेटला की फेस व्हायच्या ऐवजी त्याचा चिकट पांढरा साका होतो. बादलीच्या काठावर बसतो तोच. आधी सगळा कॅल्शियम साबण खाऊन टाकतो, मग कुठे फेस सुरू होतो. रिठ्याचं तसं होत नाही. त्यातलं सॅपोनिन कॅल्शियमशी असा साका करत नाही, त्यामुळे रिठा विहिरीच्या जड पाण्यातही फेसाळतो.

साबणाची हीच खोड मोजमाप म्हणून वापरली थॉमस क्लार्क यांनी. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनच्या मॅरिशल कॉलेजात ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. बाटलीत पाणी घ्यायचं, ठरावीक ताकदीचं साबणाचं द्रावण थोडं थोडं टाकून हलवत राहायचं, आणि टिकणारा फेस यायला किती द्रावण लागलं ते मोजायचं. जितका साबण जास्त, तितकं पाणी जड. १८४१ मध्ये त्यांनी पाणी हलकं करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. ती पद्धत ऐकायला वेड्यासारखी वाटते: चुन्यामुळे जड झालेल्या पाण्यात अजून चुना टाका! पण त्याने विरघळलेला बायकार्बोनेट खडूच्या रूपात तळाशी बसतो आणि वरचं पाणी हलकं होतं. अडचण एवढीच, की त्याला मोठमोठे हौद लागतात. शहराला चालेल, घराला नाही.

आता एक कबुली. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये आपण ईडीटीए टायट्रेशन केलंय. आठवतंय? वाइनसारख्या लाल रंगाचं द्रावण एका थेंबाला निळं होतं. झ्युरिकच्या गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी १९४० च्या दशकात ही पद्धत बसवली. मी तेव्हा शेजारच्याच्या जर्नलमधून रीडिंग उतरवलं होतं. तो प्रयोग नीट केला असता, तर टीडीएस मीटर घेऊन मेकॅनिकवर ओरडलो नसतो. कारण त्या प्रयोगात आपण मोजत होतो ती हार्डनेस. टीडीएस नव्हे.

यॉर्कशरमधला शेतकरी

आता त्या इंग्लंडमधल्या शेतात जाऊ. यॉर्कशरमध्ये एच. एस. थॉम्पसन नावाचे जमीनदार शेतकरी होते. त्यांना काळजी खताची. शेणखतातला अमोनिया पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातो का? गेला तर पैसे पाण्यात.

१८४५ च्या सुमारास त्यांनी यॉर्कमधले औषधविक्रेते जोसेफ स्पेन्स यांच्याकडून एक प्रयोग करून घेतला. नळीत माती भरायची, अमोनियम सल्फेट टाकायचं, वरून पाणी सोडायचं. खाली अमोनियम सल्फेट निघेल असं कुणालाही वाटेल. निघालं कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम! अमोनिया मातीने ठेवून घेतला होता, आणि त्याच्या बदल्यात स्वतःकडचा कॅल्शियम दिला होता.

थॉम्पसन यांनी ही गोष्ट जॉन थॉमस वे यांना सांगितली. वे हे इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे सल्लागार रसायनतज्ज्ञ. त्यांनी एकामागून एक प्रयोग केले आणि १८५० मध्ये निष्कर्ष छापले. मातीतल्या चिकणमातीच्या भागात अदलाबदल होते, एक घ्या एक द्या, आणि तीही हिशोबात. जेवढं आत जातं, त्याच्या रासायनिक तोलाचं बाहेर येतं. आयन एक्स्चेंज या विषयाची सुरुवात इथून धरतात. पाण्याच्या शुद्धीकरणासाठी नाही हं, खत वाया जाऊ नये म्हणून!

वे यांची एक मोठी चूक झाली. त्यांना वाटलं, ही अदलाबदल एकाच दिशेने होते, 'अनडू' नाही. १८५८ मध्ये जर्मनीत आइखहोर्न यांनी दाखवलं, की तसं नाही. भरपूर सोडियम ओता, कॅल्शियम निघून जातो. भरपूर कॅल्शियम ओता, सोडियम निघून जातो. पारडं कुठे झुकेल ते कुणाची गर्दी जास्त आहे त्यावर. सॉफ्टनरमध्ये मीठ का टाकतात, याचं उत्तर या १८५८ च्या शोधात आहे. 'अनडू' नसता, तर सॉफ्टनर चार-पाच दिवसांत भरला असता आणि भंगारात गेला असता.

आपल्या डोंगरातले दगड

आइखहोर्न यांनी हे प्रयोग झिओलाइट नावाच्या खनिजांवर केले होते. हे नाव त्याआधी शंभर वर्षं, १७५६ मध्ये, स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी ठेवलं. दगड तापवला तर त्यातून वाफ निघून तो उकळल्यासारखा दिसला, म्हणून ग्रीकमधून 'उकळणारा दगड'. या खनिजांच्या आत सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांत पाणी बसतं आणि सोडियम, कॅल्शियम वगैरे आयन सैलसर बसलेले असतात. कुणी मोठा आला की जागा देतात.

आणि ऐका, जगातले सर्वांत देखणे झिओलाइट सापडतात ते आपल्या दख्खनच्या काळ्या बेसॉल्टमध्ये. पुणे, नाशिक, जळगाव, अजिंठ्याचा भाग. लाव्हा थंड होताना राहिलेल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत ते तयार झाले. १८५० च्या दशकात बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला, तेव्हा निघालेले स्फटिक पार युरोपच्या संग्रहालयांत गेले. आज बघायचे असतील तर नाशिकजवळ सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे. शिर्डीला जाताना थांबा एकदा.

नैसर्गिक दगड मात्र कामाला मंद. १९०५ मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ रॉबर्ट गान्स यांनी कृत्रिम झिओलाइट बनवून पाणी हलकं करायला वापरला. त्याचं नाव पडलं 'परम्युटिट', लॅटिनमधल्या 'अदलाबदल करणे' या शब्दावरून. मोठं गिऱ्हाईक होतं बॉयलरवाल्यांचं. बॉयलरच्या नळ्यांत खडूचा थर बसला की उष्णता पुढे जात नाही, कोळसा जास्त लागतो, आणि नळी तापून फुटूही शकते. आईच्या गिझरचं एलिमेंट जळालं त्याचं कारण तेच, फक्त आकार लहान.

पुढची उडी १९३५ ची. इंग्लंडमध्ये टेडिंग्टनच्या प्रयोगशाळेत ॲडम्स आणि होम्स यांनी अदलाबदल करणारं प्लास्टिक म्हणजे रेझिन बनवलं. ग्रामोफोनच्या तबकड्यांचा चुरा आयन बदलतो, हे लक्षात आल्यावर त्यांना ही वाट सुचली, असं सांगतात. १९४० च्या दशकात अमेरिकेत दालेलियो यांनी पॉलिस्टायरिनपासून आणखी टिकाऊ रेझिन तयार केलं. तुमच्या-माझ्या सॉफ्टनरमध्ये आजही तोच प्रकार असतो. खसखशीएवढे सोनेरी मणी.

माझा मीटर काय सांगत होता

आता ९१२ आणि ९०८ चा उलगडा. सॉफ्टनर काही गाळत नाही. एक कॅल्शियम घेतो आणि दोन सोडियम देतो. ४० वजनाचा गेला, २३-२३ चे दोन आले, म्हणजे ४६. एकूण विरघळलेलं जवळजवळ तेवढंच राहतं. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते बघतो. आत कोण बसलंय हे त्याला कळत नाही.

म्हणून घेण्याआधी हार्डनेस मोजा. थेंब मोजण्याचं किट स्वस्तात मिळतं, तेच आपलं पहिल्या वर्षाचं ईडीटीए. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याची हार्डनेस लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. आमच्या बोअरची निघाली ४८०.

आता गणित. चार माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे दिवसाला ५४० लिटर. गुणिले ४८० मिलिग्रॅम, म्हणजे रोज साधारण २६० ग्रॅम हार्डनेस काढायची. एक लिटर रेझिन ढोबळमानाने ५० ग्रॅम पेलतं. २५ लिटरचा सॉफ्टनर १२५० ग्रॅम, म्हणजे पाचव्या दिवशी भरला. मग मिठाच्या पाण्याने धुवायचा. लिटर रेझिनला सुमारे १५० ग्रॅम मीठ, म्हणजे एका वेळेला पावणेचार किलो. महिन्याला जवळपास २३ किलो मीठ!

हेच गणित नळाला लावायच्या छोट्या 'सॉफ्टनर फिल्टर'ला लावा. आत दीडशे मिलिलिटर रेझिन आहे असं धरू. ते पेलणार साडेसात ग्रॅम. ४८० च्या पाण्यात ते टिकेल साधारण १५ लिटर. एक बादली. जाहिरातीत केस उडवणारी मुलगी कितीही हसू दे, गणित बदलत नाही. चुंबक लावायच्या पट्ट्या किंवा 'विनामीठ' यंत्रं घ्यायची असतील, तर आधी आणि नंतर हार्डनेस मोजा. आकडा तोच आला, तर कॅल्शियम पाण्यातच आहे. आणि सॉफ्टनरने केस गळायचे थांबतील, असं वचनही मी देणार नाही. साबण-शॅम्पूचा फेस येईल, गिझर टिकेल, एवढं नक्की.

पिण्यासाठी मात्र हे पाणी थेट वापरू नका. ४८० हार्डनेस काढली की लिटरमागे सुमारे २२० मिलिग्रॅम सोडियम वाढतो. घरात बीपीचं माणूस असेल तर हा मुद्दा लहान नाही. पुढे आरओ असेल तर तो सोडियम काढतो. आई आता डाळ आरओच्या पाण्यात शिजवते. दोन शिट्ट्या.

आणि कढीपत्ता

इथपर्यंत मी खूश होतो. मग दिवाळीला गावी गेलो.

परसात आईचा कढीपत्ता होता. जुन्या घरातून मुळासकट आणलेला, डोक्याएवढा वाढलेला. तो वाळून काटकी झाला होता. खालची माती दगडासारखी, वर पांढुरका पापुद्रा. पाणी घातलं तर मुरेना, तसंच साचून राहिलं. आईला वाटलं कीड. मी कीटकनाशक शोधायला फोन काढला.

आजोबा काठी टेकत आले. ऐंशी पार केलेले, आयुष्य नीरेच्या कालव्यावरच्या शेतात गेलेलं. त्यांनी ढेकूळ उचललं, बोटांनी दाबलं आणि म्हणाले, "आरं, ही चोपण झालीया. आपला वरला एकर असाच गेला. कुठनं येतंय पाणी?"

पाणी येत होतं सॉफ्टनरच्या ड्रेन पाइपातून. बसवताना विचारलं होतं, "दादा, याचं पाणी कुठे सोडू?" मी लॅपटॉपवर होतो. "सोडा परसात, झाडांना होईल," असं मीच म्हणालो होतो.

बघा काय झालं. वे यांनी मातीत जी अदलाबदल पाहिली, तीच मी उलटी चालवली. मातीच्या कणांना कॅल्शियम धरून ठेवतो, त्यांच्यात पोकळ्या राहतात, पाणी मुरतं, मुळं श्वास घेतात. त्यावर दर पाच दिवसांनी शंभराहून जास्त लिटर खारं पाणी पडलं. सोडियमची गर्दी झाली, त्याने कॅल्शियमला हाकललं, कण सुटे झाले आणि पोकळ्या बुजल्या. खारटपणाने मुळांना पाणी ओढता येईना, ते वेगळंच. सॉफ्टनरच्या टाकीत मी जे मुद्दाम करत होतो, तेच परसात न कळत केलं.

आपल्याकडे हे दुःख नवं नाही. नीरा खोऱ्यात कालवे आले, ऊस आला, पाणी जास्त झालं, खालचे क्षार वर आले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले हॅरल्ड मॅन १९१० च्या सुमारास याच खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींचा अभ्यास करत होते. आजही सांगली-कोल्हापूरकडे क्षारपड जमिनींचा प्रश्न घराघरात माहीत आहे. आजोबांचा एकर त्यातलाच. त्यांना ही गोष्ट लॅबमध्ये शिकावी लागली नाही.

उपाय आजोबांनीच सांगितला: जिप्सम टाकायचं आणि गोड्या पाण्याने धुवून काढायचं. जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. स्पेन्स यांच्या नळीतून खाली जे निघालं होतं, तेच आता वरून टाकायचं. कॅल्शियम परत येतो, सोडियम निघतो. 'अनडू' आहे. पण सॉफ्टनरला तासभर लागतो, मातीला वर्षं लागतात.

आम्ही काय बदललं

सॉफ्टनर काढला नाही. आईच्या सांध्यांना गरम पाणी लागतं, गिझर हवाच. पण आता तो फक्त बाथरूम आणि वॉशिंग मशीनच्या लाइनवर आहे. फ्लश, अंगण धुणं, झाडं, सगळं साध्या बोअरवर. झाडांना तो कॅल्शियम उलट बराच. टायमर बदलून पाण्याच्या मीटरवर चालणारा व्हॉल्व्ह बसवला, म्हणजे आम्ही वापरू तेव्हाच तो धुतला जातो. वापर दिवसाला ३०० लिटरवर आला, मीठ २३ किलोवरून १३ च्या आसपास.

ड्रेन पाइप बंद गटारात सोडला. तुमच्याकडे गटार नसेल आणि शोषखड्डा असेल, तर बसवण्याआधी दोनदा विचार करा, कारण तो खड्डा तुमच्याच बोअरच्या दिशेने झिरपत असू शकतो. आणि हेही कबूल करतो, की आमचं मीठ नाहीसं झालेलं नाही. ते गटारातून ओढ्याला जातंच. कमी झालंय, एवढंच.

म्हणून या पावसाळ्यात गच्चीचं पाणी टाकीत घेतोय. १०० चौरस मीटर गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, की १० हजार लिटर होतात. तेही आधीच हलकं, मीठ शून्य. आजीचं पागोळ्यांखालचं पातेलं, जरा मोठं केलेलं.

कढीपत्त्याच्या जागी अजून काही लावलेलं नाही. आजोबा म्हणतात, "घाई करू नगंस." जिप्सम टाकलंय. आई रोज सकाळी तिथे तांब्याभर पाणी ओतते आणि मुरतंय का बघते. मागच्या रविवारी फोनवर म्हणाली, "आज लवकर मुरलं."

तर मंडळी, तुमच्याकडच्या पाण्याची हार्डनेस मोजा आणि मला आकडा कळवा, गाव किंवा भागाच्या नावासह. आणि घरी सॉफ्टनर असेल, तर आज एक काम करा: त्याचा ड्रेन पाइप कुठे जातो ते बघून या. भेटू पुढच्या भागात!